ढीग कुठे साचतो ते आधी बघा: उत्पादन नियोजनात नव्याने येणाऱ्यांसाठी

उत्पादन नियोजनाच्या कामावर नवीन रुजू झालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी एक भलीमोठी एक्सेल शीट दाखवली जाते. ऑर्डरी, तारखा, मशिनचे नंबर, रंगवलेल्या चौकटी. माझं सांगणं असं की ती शीट तासभर बाजूला ठेवा आणि शॉप फ्लोअरवर एक फेरी मारून या. कच्चा माल जिथे उतरतो तिथून निघा आणि तयार माल जिथे गाडीत चढतो तिथपर्यंत चालत जा. वाटेत अर्धवट झालेला माल कुठे साचलाय, कोणत्या मशिनसमोर ट्रॉल्यांची रांग लागली आहे आणि कोणता ऑपरेटर मालाची वाट बघत उभा आहे, एवढंच टिपून घ्या. पुढचे कित्येक महिने तुम्हाला जे छळणार आहे ते त्या रांगेत उभं असतं.

काय बनवायचं, किती, कधी आणि कोणत्या मशिनवर, हे ठरवणं म्हणजे उत्पादन नियोजन. ऑपरेशन्स मॅनेजमेंट त्याहून मोठं. त्यात खरेदी, स्टोअर, माणसं, मेंटेनन्स, क्वालिटी आणि डिस्पॅच या सगळ्यांची मोट बांधायची असते. दोन्हीकडे एक गोष्ट मनात पक्की ठेवा: काम सुरू करणं वेगळं आणि माल पूर्ण होऊन बाहेर पडणं वेगळं. सगळी मशिनं धडधडत असतात, सगळे घामाघूम असतात आणि तरी डिस्पॅच रिकामं असतं, असे दिवस मी पुष्कळ पाहिलेत.

पूर्ण लेखात एकच उदाहरण घेऊ. एक छोटं वर्कशॉप पंपाचे शाफ्ट बनवतं. कटिंग, टर्निंग, मिलिंग, ग्राइंडिंग आणि शेवटी तपासणी-पॅकिंग, असा मार्ग. प्रत्येक कामाला एकच मशिन किंवा टेबल.

पायरी १: मागणी नीट समजून घ्या

हातात पक्की ऑर्डर आहे की फक्त अंदाज, हे पहिल्यांदा वेगळं करा. एकाच शीटमध्ये दोन्ही मिसळले की गोंधळ सुरू होतो, कारण अंदाजावर बनवलेला माल पडून राहू शकतो आणि पक्क्या ऑर्डरीचा माल त्याच्यामागे अडकतो. ऑर्डर आल्यावरच बनवायचं की आधी बनवून स्टॉकमध्ये ठेवायचं, हे मालागणिक ठरतं. सतत खपणारा, एकसारखा माल स्टॉकसाठी बनवता येतो. गिऱ्हाइकागणिक बदलणाऱ्या मालाला ऑर्डरीचीच वाट पाहावी.

अंदाजासाठी सुरुवातीला मागच्या तीन महिन्यांच्या विक्रीची सरासरी पुरते. मात्र नुसता एक आकडा लिहू नका. "९०० ते ११००" असं लिहा. त्या दोन टोकांमधलं अंतर किती सांभाळायचं, हाच तुमच्या पुढच्या सगळ्या निर्णयांचा विषय असतो.

आपल्या उदाहरणात मागणी महिन्याला १,००० शाफ्टची आणि कामाचे दिवस २५. म्हणजे दिवसाला ४०.

पायरी २: माल कशाचा बनतो आणि कोणत्या वाटेने जातो

इथे दोन कागद लागतात. एक बिल ऑफ मटेरियल, ज्याला सगळे बीओएम म्हणतात: एका नगाला काय काय आणि किती लागतं. दुसरा राउटिंग: कोणत्या मशिनवर, कोणत्या क्रमाने, किती वेळ. बीओएममध्ये खोका, लेबल, गंज न लागण्यासाठी लावायचं तेल, सगळं लिहा. पहिल्या नोकरीत आमचा एक पूर्ण लॉट, म्हणजे एकदम बनवलेल्या नगांचा गट, तयार होऊन दोन दिवस पडून राहिला होता, कारण खोके बीओएममध्ये नव्हते आणि म्हणून कुणी मागवलेच नव्हते.

राउटिंगमधला वेळ स्वतः स्टॉपवॉच घेऊन मोजा. जुन्या कागदावरचा वेळ बहुतेकदा मशिन नवीन असतानाचा असतो. दहा-पंधरा नगांचा वेळ घ्या, वेगवेगळ्या शिफ्टमध्ये घ्या आणि मोजण्याआधी ऑपरेटरला सांगा की हे त्याचं मूल्यमापन नाही, प्लॅन खरा व्हावा म्हणून चाललंय. त्याचा विश्वास बसला नाही तर आकडा खरा मिळत नाही.

आपल्या शाफ्टचे आकडे असे आले: कटिंग २ मिनिटं, टर्निंग ६, मिलिंग ९, ग्राइंडिंग ५, तपासणी-पॅकिंग ३. एकूण २५ मिनिटं.

पायरी ३: क्षमता काढा आणि बॉटलनेक शोधा

इथे घाई करू नका. शिफ्ट आठ तासांची, म्हणजे ४८० मिनिटं. जेवणाची सुट्टी ३०, दोन छोट्या सुट्ट्या मिळून २०, शेवटची साफसफाई १०. उरली ४२० मिनिटं. दिवसाला ४० नग हवेत, तर दर साडेदहा मिनिटांना एक शाफ्ट बाहेर पडला पाहिजे. या ठेक्याला टॅक्ट टाइम म्हणतात. सगळ्यात हळू काम मिलिंगचं, तेही ९ मिनिटांत होतं. मग ४२० भागिले ९, दिवसाला ४६ नग. कागदावर निभावतंय.

आता मिलिंग मशिनजवळ एक दिवस उभं राहा. शाफ्टचे दोन प्रकार आहेत, त्यामुळे रोज एकदा सेटिंग बदलावं लागतं आणि त्यात ४५ मिनिटं जातात. टूल बदलणं, कूलंट भरणं, मधेच एखादा छोटा ब्रेकडाउन, असे सरासरी आणखी ३० मिनिटं. उरली ३४५. तेवढ्यात ३८ नग होतात. त्यातले साधारण ३ टक्के रिजेक्ट. हाती चांगले नग ३७. महिन्याला ९२५.

म्हणजे ७५ शाफ्ट कमी पडणार हे महिन्याच्या पहिल्याच तारखेला ठरलेलं आहे. शेवटच्या आठवड्यात होणारी धावपळ, ओव्हरटाइम, गिऱ्हाइकाचे फोन, सगळं या एका वजाबाकीतून येतं. ही वजाबाकी आधी करणं हेच नियोजकाचं खरं काम आहे असं मी मानतो.

मिलिंग हा इथला बॉटलनेक. कारखान्यातून किती माल बाहेर पडेल हे सगळ्यात अरुंद जागेवर ठरतं. तिथे गेलेला एक तास पूर्ण कारखान्याचा जातो. बाकीच्या मशिनवर वाचवलेला तास मात्र कुठे जमा होत नाही. इलियाहू गोल्डरॅट या भौतिकशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात याच विचारावर मर्यादांचा सिद्धांत मांडला आणि तो जगभरच्या कारखान्यांत पोहोचला.

आता टर्निंगकडे बघा. नगाला ६ मिनिटं, म्हणजे दिवसाला ७० होऊ शकतात. सुपरवायझर म्हणतो, मशिन रिकामं ठेवायचं नाही. ऑपरेटर इमानदारीत ७० काढतो. मिलिंग घेतं ३८. रोज ३२ नग मधे साचतात, पाच दिवसांत १६०. आज टर्निंगवरून उतरलेला शाफ्ट मिलिंगवर चढायला चार दिवस लागणार, कारण १६० भागिले ३८ म्हणजे चारच्या वर. हा हिशेब लिटलचा नियम म्हणून ओळखला जातो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो गणिताने सिद्ध केला: आत असलेला माल म्हणजे बाहेर पडण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा वेळ. शाफ्टवर प्रत्यक्ष काम २५ मिनिटांचं आणि कारखान्यात त्याचा मुक्काम आठवड्याचा. लीड टाइम, म्हणजे काम सुरू झाल्यापासून माल बाहेर पडेपर्यंतचा वेळ, कमी करायचा तर माणसांना पळवून उपयोग नाही, आतला ढीग कमी करावा लागतो.

पायरी ४: बॉटलनेक मोकळा करा, आहे त्याच साधनांत

नवीन मशिन मागण्याआधी आहे त्या मशिनचा वेळ कुठे जातो ते बघा. पहिला उमेदवार सेटिंगचा. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटात १,००० टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं. त्यांची युक्ती समजायला सोपी आहे. मशिन बंद असतानाच करावी लागणारी कामं एकीकडे लिहा, मशिन चालू असताना करता येणारी दुसरीकडे. फिक्स्चर (नग पकडून ठेवणारा साचा) शोधणं, टूल आणणं, गेज तपासणं, ड्रॉइंग मागवणं, ही सगळी कामं बहुतेक ठिकाणी मशिन बंद करून केली जातात. ती आधी उरकली तरी सेटिंग निम्म्यावर येतं.

आपल्या मिलिंगचं सेटिंग ४५ वरून २० मिनिटांवर आलं असं धरा. ३७० मिनिटं मिळाली, ४१ नग, चांगले जेमतेम ४०. अजून काठावरच. आता जेवणाच्या सुट्टीत दुसरा शिकलेला ऑपरेटर उभा करून मशिन चालू ठेवलं. ४०० मिनिटं, ४४ नग, त्यात चांगले ४२. महिन्याला १,०५०. एक पैचंही मशिन न घेता ९२५ चे १,०५० झाले.

तिसरी गोष्ट तपासणीची. मिलिंगच्या आधी टर्निंगचा व्यास तपासून घ्या. आधीच बिघडलेल्या नगावर बॉटलनेकची नऊ मिनिटं घालवण्यासारखं नुकसान दुसरं नाही.

पायरी ५: मालाची मागणी काढा

गिऱ्हाइकाच्या १,००० नगांवरून मागे मागे जायचं. ३ टक्के रिजेक्शन धरलं तर १,०३१ नग सुरू करावे लागतील. १,००० ला तीन टक्क्यांनी गुणून ३० वाढवणं चूक आहे, ०.९७ ने भागायचं. फरक एका नगाचा दिसतो, पण रिजेक्शन १५ टक्के असलं तर हाच फरक १५० आणि १७७ असा होतो.

शाफ्टची लांबी २५० मिलिमीटर, कटिंगमध्ये ३ मिलिमीटर जातात. ६ मीटरच्या बारमधून २३ नग निघतात, उरलेला तुकडा भंगारात. म्हणजे ४५ बार हवेत. स्टोअरच्या नोंदीत १२ दिसतात, पण त्यातले ५ दुसऱ्या ऑर्डरसाठी राखलेले, म्हणजे आपले ७. १० बार आधी मागवलेले आहेत आणि वेळेत येणार आहेत. खरेदीला २८ ची मागणी द्या. एमआरपी (मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग) नावाचं सॉफ्टवेअर हाच हिशेब हजारो पार्टसाठी एकदम करतं. जोसेफ ऑर्लिकी यांनी १९६० च्या दशकात त्याला आकार दिला. मात्र नोंदीत १२ आणि मांडणीवर प्रत्यक्ष ९ असतील, तर सॉफ्टवेअर चुकीचं उत्तर फार वेगाने देतं. म्हणून रोज दहा-पंधरा वस्तू हाताने मोजून नोंदीशी ताळा करा. महागड्या आणि जास्त खपाच्या वस्तू वारंवार मोजा, नट-बोल्ट क्वचित मोजले तरी चालतात.

सतत लागणाऱ्या वस्तूसाठी पुन्हा मागवायची पातळी ठरवून ठेवा. रोज २ बार लागतात आणि मागवल्यावर १० दिवसांनी येतात, तर २० बार त्या काळातले, वर उशिराची तजवीज म्हणून ६. मांडणीवरचे आणि मागवून ठेवलेले मिळून २६ वर आले की पुढची ऑर्डर गेली पाहिजे.

पायरी ६: लॉट किती मोठा ठेवायचा

सेटिंगचा त्रास वाचवायला लॉट मोठा करावासा वाटतो. मोठ्या लॉटमध्ये माल साचतो, जागा अडते आणि दुसऱ्या प्रकारचं गिऱ्हाईक ताटकळतं. या दोन खर्चांचा मेळ घालणारं सूत्र फोर्ड हॅरिस या अभियंत्याने १९१३ मध्येच मांडलं. सूत्र शिकून घ्या, पण त्यात सेटिंगचा खर्च ठरलेला धरलेला असतो. सेटिंग कमी केलं की योग्य लॉट आपोआप लहान होतो, आणि माझ्या मते तीच जास्त फायद्याची वाट आहे. शिवाय टर्निंगवर वेळ शिल्लक आहेच, तिथे लहान लॉट काढून जास्त वेळा सेटिंग बदललं तरी काही बिघडत नाही.

पायरी ७: वेळापत्रक आणि काम सोडणं

रांगेत कोणाला आधी घ्यायचं? समजा तीन कामं आहेत, ६ तास, १ तास आणि २ तासांची. आली त्या क्रमाने केली तर ती ६, ७ आणि ९ व्या तासाला संपतात, सरासरी ७ तास २० मिनिटं. लहान काम आधी घेतलं तर १, ३ आणि ९, सरासरी ४ तास २० मिनिटं. सरासरी वाट कमी करायची असेल तर लहान काम आधी. कुठलंच काम फार उशिरा जाऊ नये असं असेल तर ज्याची तारीख जवळ ते आधी. दोन्ही नियमांचे पुरावे १९५० च्या दशकातच मांडले गेले आहेत. "ज्याचा फोन आला ते आधी" हा तिसरा नियम सगळीकडे चालतो आणि त्यात सगळ्यांचाच माल उशिरा जातो.

पहिल्यांदा बॉटलनेकचं वेळापत्रक बनवा आणि बाकी सगळं त्याच्यामागे लावा. मिलिंग दिवसाला ४४ घेणार असेल तर कटिंगला ४४ नगांचाच माल सोडा. मिलिंगसमोर अर्ध्या दिवसाचा, म्हणजे वीस-बावीस नगांचा साठा कायम ठेवा, म्हणजे टर्निंग तासभर बंद पडलं तरी मिलिंग थांबत नाही. त्याहून जास्त साठा झाला की टर्निंग थांबवा. त्या वेळात ऑपरेटरने मशिन पुसावं, पुढचं फिक्स्चर तयार ठेवावं, मिलिंग शिकावं. रिकामं मशिन बघून वरिष्ठ चिडतील. त्यांना १६० नगांच्या ढिगाचा हिशेब कागदावर दाखवा. टोयोटात ताइची ओनो यांनी कानबानची कार्डं याचसाठी आणली: पुढच्याने कार्ड परत पाठवल्याशिवाय मागच्याने नग बनवायचा नाही. ही कल्पना त्यांना अमेरिकी सुपरमार्केटवरून सुचली होती, जिथे गिऱ्हाइकाने उचललेलीच वस्तू पुन्हा मांडली जाते.

पुढच्या तीन दिवसांचा प्लॅन गोठवून ठेवा. त्यात बदल हवा असेल तर कोणाची ऑर्डर मागे जाणार हे बदल मागणाऱ्यानेच सांगायचं. एवढ्या एका अटीने निम्मी "अर्जंट" कामं शांत होतात.

आणि सेल्सने विचारलं, "२०० नग कधी मिळतील?" तर अंदाजपंचे तारीख देऊ नका. मिलिंगसमोर आधीच कबूल केलेलं काम किती दिवसांचं आहे ते बघा, समजा ६ दिवस. २०० भागिले ४२, म्हणजे ५ दिवस. पुढचं ग्राइंडिंग, तपासणी, पॅकिंग १ दिवस. झाले १२. वर दोन दिवसांची सवड ठेवून १४ सांगा. आधी ८ सांगून मग १४ लावण्यापेक्षा गिऱ्हाइकाला हे पुष्कळ बरं वाटतं.

पायरी ८: रोजचा पाठपुरावा

मिलिंगजवळ एक साधा पांढरा फळा लावा. दर तासाला ठरलेले नग, झालेले नग आणि फरकाचं कारण. कारणाच्या रकान्यात "मशिन प्रॉब्लेम" असं मोघम लिहू देऊ नका. "१०:२० ते १०:४५, कटर तुटला, स्टोअरमध्ये दुसरा नव्हता" असं हवं. दोन आठवड्यांनी तीच तीन-चार कारणं पुन्हा पुन्हा येताना दिसतील. कटरचा किमान साठा ठरवणं हे मग मिटिंगशिवाय होणारं काम आहे.

सकाळी फळ्यासमोर उभ्याउभ्या दहा मिनिटं भेटा: सुपरवायझर, क्वालिटी, मेंटेनन्स, स्टोअर आणि तुम्ही. काल काय राहिलं, आज काय अडणार, कोण सोडवणार. बस्स.

ओईई (ओव्हरऑल इक्विपमेंट इफेक्टिव्हनेस) हा आकडाही तुमच्या कानावर येईल: मशिन किती वेळ चाललं, किती वेगाने चाललं आणि किती नग चांगले निघाले, या तिघांचा गुणाकार. ९० टक्के, ९० टक्के आणि ९७ टक्के असले तरी गुणाकार ७९ च्या आतच येतो. बॉटलनेकवर हा आकडा जरूर पाळा. सगळ्या मशिनवर तो वाढवायच्या नादाला लागलात तर पुन्हा ढीग साचतील.

हेच गणित दवाखान्याच्या खिडकीला, कॉल सेंटरला, दुरुस्तीच्या दुकानालाही लागू आहे. तिथे गिऱ्हाईक ठरवून येत नाही, म्हणून थोडी मोकळीक लागतेच. येणं आणि कामाचा वेळ दोन्ही अनियमित असतील आणि काम करणारा एकटा असेल, तर तो ८० टक्के गुंतलेला असताना सरासरी वाट एका कामाच्या वेळेच्या चौपट असते, ९० टक्क्यांवर नऊपट आणि ९५ टक्क्यांवर एकोणीसपट. माणूस शंभर टक्के कामात हवा असा आग्रह धरणाऱ्या व्यवस्थापकाला हे तीन आकडे दाखवा.

महिन्याभराने पुन्हा ती पहिली फेरी मारा. मिलिंगची क्षमता टर्निंगच्या पुढे गेली असेल आणि मागणी वाढली असेल, तर आता ट्रॉल्या दुसरीकडे, बहुधा टर्निंगसमोर, उभ्या राहू लागतील. स्टॉपवॉच घ्या आणि त्या मशिनसाठी पायरी ३ पासून परत सुरू करा.